अर्धी वाटी खीर

आमच्या दादांना अर्धं काही करताच येत नाही. दादा म्हणजे माझे वडील. आमच्याकडं वडिलांना दादाच म्हणतात. तहसील कचेरीत कारकून म्हणून लागले आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. जळकोट, चाकूर, अर्धापूर अशा बदल्या घेत घेत शेवटी नांदेडला घर बांधलं. जिथं गेले तिथलं खाणं त्यांनी मनापासून खाल्लं. अर्धापूरला असताना घरात केळीचा अख्खा घड टांगलेला असायचा आणि दादा येता-जाता एक केळ तोडायचे. झेंडावंदनाला कचेरीत जिलेबी वाटायचं काम त्यांच्याकडं, म्हणजे उरलेल्या जिलेबीची जबाबदारीही त्यांच्याकडंच. माय म्हणायची, "आवं, उद्याला थोडी तरी ठेवा." दादा म्हणायचे, "उद्याचं उद्या बघू," आणि रिकामी परात मोरीत नेऊन ठेवायचे.

अशा माणसाला शुगर निघाली.

मी तेव्हा लातूरला होते, आजही तिथंच आहे. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. लातुरात जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईचा दरारा काय असतो ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. आमची पोरं झोपेतसुद्धा स्वादुपिंडाची आकृती काढतात. तर दादांचा रिपोर्ट मला फोनवर आला आणि माझं डोकंच फिरलं. शनिवारची बस धरली, नांदेडला उतरले, आणि चपला काढल्या-काढल्या थेट स्वयंपाकघरात शिरले. साखरेचा डबा उचलला, गुळाची ढेप उचलली, पोह्याच्या डब्यामागं लपवलेले पेढे उचलले आणि सगळं शेजारच्या काकूंच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. काकूंना वाटलं, आमच्याकडं काही आनंदाची बातमी आहे.

"आजपासून या घरात गोड बंद," मी जाहीर केलं. "मीपण सोडलं. दादा, तुम्ही एकटे नाही."

माय चहा गाळत होती. मान वर न करता म्हणाली, "मग चहात काय घालू, मीठ?"

पहिलं वर्षभर आमचं चोर-पोलीस चाललं. दादा खायचे आणि मी पकडायची. शनिवारी बसनं चाकूर सोडलं की मी मायला फोन लावायची, तिकडून दादांचा आवाज यायचा, "आली का? कुठवर आली?" आणि मी घरी पोचेपर्यंत ते तोंड धुवून, मिशी पुसून, पेपर उघडून बसलेले. मी काही कमी नाही. मी मिशीचा वास घ्यायची. सासरी मी फार समजूतदार म्हणून ओळखली जाते, हे माझ्या नवऱ्यानं मायला सांगितलं तेव्हा माय इतकी हसली की तिला ठसका लागला.

आता विहाराचं सांगते. आमच्या वस्तीत बुद्धविहार आहे. आषाढी पौर्णिमेला वर्षावास लागतो तो आश्विनी पौर्णिमेपर्यंत, आणि त्या दिवसांत रोज संध्याकाळी तिथं ग्रंथवाचन होतं. वाचतात आमचे दादा. त्यांचा आवाज जड आणि सावकाश आहे. कचेरीत कुणाला नकार देतानाही तो असाच यायचा, त्यामुळं लोक नकार घेऊन समाधानानं घरी जायचे. वस्तीतल्या बायका भाकरी उरकून पांढरं नेसून येतात. पोरंसोरं पेंगतात, पण लोक त्या आवाजासाठी येतात हे खरं आहे.

दुसऱ्या वर्षी वर्षावास लागायच्या तोंडावर दादांच्या मनानं घेतलं की, जिलेबी खाल्लेल्या तोंडानं संयमाचं काही वाचायचं म्हणजे ढोंग आहे. विचार चांगलाच होता. पण दादांचा विचार. गोड सोडलं, ठीक. मग भात सोडला. मग बटाटा, मग दूध, मग केळ, मग रात्रीचं जेवण. सकाळी कारल्याचा रस, वर कडुलिंबाचा पाला, त्याच्यावर मेथ्या. डॉक्टर म्हणाले थोडं चालत जा, तर हे गोदावरीच्या घाटापर्यंत जाऊन परत येऊ लागले, तेही पायाला फोड येईस्तोवर.

रिपोर्ट खाली आला आणि मी हुरळले. स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं. मग एका शनिवारी दादांनी दार उघडलं आणि मला त्यांचा सदराच आधी दिसला. खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. गाल आत गेलेले, बोलणं चिडकं. मी त्यांना ओढतच डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर तरुण होते, पण चांगलेच तापले. वाढलेली साखर माणसाला हळूहळू पोखरते, उतरलेली घटकाभरात आडवं करते, असं त्यांनी स्पष्ट बजावलं. गोळी घेतली की जेवायचंच, आणि खिशात खडीसाखर ठेवायची.

"वैऱ्याला खिशात घालून हिंडू का मी?" दादा म्हणाले.

घरी आल्यावर मी म्हटलं, "दादा, रात्री एक भाकर तरी खात जा."

"तूच बंद केलं ना?"

"गोड बंद केलं, जेवण नाही."

"एकदा सोडलं म्हणजे सोडलं, बाई. ते अर्धं-मुर्धं मला जमत न्हाई."

माय दोघांकडं बघून म्हणाली, "आधी ही खाऊ नका म्हणून भांडायची, आता खा म्हणून भांडून राहिली. तुमचं काय ते एकदा ठरवा, मी तसं रांधते." आम्हाला हसू आलं, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. जिलेबीनं न गेलेला हा माणूस कारल्यानं जाणार, ही एकच भीती मनात बसली. आणि त्यांना मध्ये थांबवायचं कसं ते मला ठाऊक नव्हतं. मी तरी कुठं कधी मध्ये थांबले होते? माझा सगळा स्वभाव दादांचा आहे, नाक तेवढं मायचं.

आश्विनी पौर्णिमा आली. त्या दिवशी वर्षावासाचा समारोप आणि खीरदान. मी कॉलेजातून रजा काढून आले. आमच्या विहारात अशी पद्धत आहे की, समारोपाला बायका सांगतील तो भाग पुन्हा वाचायचा. आणि बायका दरवर्षी एकच भाग सांगतात. सिद्धार्थानं देह सुकवून सुकवून हाडांचा सापळा केला, उठवेना की बसवेना, आणि मग एक बाई खिरीचं भांडं घेऊन आली, तो भाग. कारण त्याच्यामागून आमची खीर येते. गव्हाची खीर, सकाळपासून शिजलेली, गूळ-खोबऱ्याची. तिचं भलंमोठं पातेलं बायकांच्या बाजूला झाकून ठेवलेलं असतं आणि बडीशेपेचा वास सगळ्या विहारात भरलेला असतो. त्या वासात ते वाचन ऐकणं म्हणजे सगळ्यांचीच परीक्षा.

दादांनी सकाळीच अष्टशील घेतलं होतं. अष्टशील म्हणजे दुपारनंतर अन्न घ्यायचं नाही. मला वाटलं, दुपारी नीट जेवले असतील. पांढराशुभ्र सदरा-पायजमा घालून ते माईकसमोर बसले, चष्मा पुसला आणि वाचायला लागले. छान चाललं होतं. मग त्यांनी एक ओळ दोनदा वाचली. कपाळाला घाम आला. तपस्येनं थरथरणाऱ्या देहाचं वर्णन आलं आणि पान धरलेला दादांचा हात थरथरायला लागला. माझ्या शेजारच्या बाईनं पदर डोळ्यांना लावला. "किती मनातून वाचून राहिलेत भाऊसाहेब," ती म्हणाली.

मी मायच्या कानाशी लागले. "दुपारी काय खाल्लं यांनी?"

"दोन घास."

"आणि संध्याकाळची गोळी?"

"ती घेतली की. म्हणले, गोळी म्हणजे अन्न न्हाई, ती चालती."

शील पाळणारा आणि डॉक्टरांचं ऐकणारा, दोन्ही बाजूंनी चोख असा माणूस, आणि त्या चोखपणानंच तो आता समोर कलंडत होता. मी उठले. बायकांच्या गुडघ्यांवरून, पोरांच्या डोक्यांवरून वाट काढत पातेल्यापाशी गेले आणि झाकण काढलं.

"अगं, अजून पूजेला ठेवली न्हाई खीर," एक आजी म्हणाल्या.

"अन् भाऊसाहेबांचं अष्टशील हाय आज," पुरुषांच्या बाजूनं कुणी म्हणालं. "दुपारनंतर अन्न न्हाई चालत."

"मग काय शीलासकट ॲम्ब्युलन्समध्ये घालायचं का त्यांना?" माझ्या शेजारची ती डोळे पुसणारी बाई कडाडली. झालं, तिथल्या तिथं दोन तट पडले. एकाला शील मोडायचं नव्हतं, दुसऱ्याला माणूस. मी वाटी भरली आणि दादांपुढं जाऊन बसले.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. नजर जड झाली होती, पण ओळख होती. खिरीकडं पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडं. "बाई," ते म्हणाले, "तू देऊन राहिली?"

"हाव, मीच. तोंड उघडा."

"न्हाई. मोडतंय."

मला इतका राग आला आणि इतकी भीती वाटली की माईक चालू आहे याचं भान राहिलं नाही. "दादा, आत्ता काय वाचत होते तुम्ही?" माझा आवाज विहाराच्या कर्ण्यातून वस्तीभर गेला. "त्यांनी वाटी हातात घेतली का नाही? सोबतचे तपस्वी सोडून गेले, तरी घेतली ना? मग तुम्ही त्यांच्या वरचढ झाले का?"

दादांनी ग्रंथ हळूच मिटला, बाजूला ठेवला आणि माझ्या हातातून वाटी स्वतःच्या हातात घेतली. हात हलत होता, थोडी खीर सदऱ्यावर सांडली. एक घास, दुसरा घास. मी त्यांच्या मनगटावर बोटं ठेवून बसले होते, नाडी धावत होती. लहानपणी मला बुद्धांचा मधला मार्ग म्हणजे वाटणी वाटायची. याचं थोडं, त्याचं थोडं, म्हणजे कुणी रुसायला नको. त्या संध्याकाळी मला कळलं की तसं काही नसतं. सकाळी हीच खीर मी त्यांच्या हातातून हिसकावून घेतली असती आणि ते बरोबरच झालं असतं. आता मीच भरवत होते. खीर तीच होती, दादा तेच होते, फक्त आत्ता काय हवंय ते डोळे उघडून बघायचं होतं.

हळूहळू घाम थांबला. चेहऱ्यावर रंग आला. आणि मग, माय गं, त्यांना चव लागली. एवढ्या महिन्यांनी गूळ, खोबरं, बडीशेप. दादांचे डोळे मिटले. ती जुनी जिलेबीची तंद्री मी ओळखली. खीर वाढणारी बाई मायेनं डावभर घेऊन आलीच होती. "घ्या भाऊसाहेब, पातेलं भरून हाय." माझा हात वाटीकडं झेपावला होता, पण मी तो मांडीखाली दाबून धरला. मायकडं पाहिलं. ती तोंडाला पदर लावून दादांकडं बघत होती.

दादांनी डोळे उघडले. वाटीत अर्धी खीर होती. त्यांनी त्या वाटीवर आडवा तळहात धरला.

"बस," ते म्हणाले.

माझ्या उभ्या आयुष्यात मी दादांच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता. खाण्यावर नाही, उपाशी राहण्यावर नाही, भांडणावर तर नाहीच. डाव घेतलेली बाई तशीच थबकली. दादांनी ग्रंथ पुन्हा मांडीवर घेतला, पान चाळलं आणि माईकमधून विचारलं, "कुठं होतो आपण?"

"खीर आली होती, भाऊसाहेब," मागून कुणी म्हणालं आणि सगळा विहार हसला. दादाही हसले. हसता हसता त्यांनी ती अर्धी वाटी माझ्याकडं सरकवली.

"तू पण सोडलं होतं ना?" ते हळूच म्हणाले. "खा आता."

त्यांनी पुढं वाचायला घेतलं, आवाज पुन्हा जड, सावकाश. मी तिथंच, वस्तीसमोर, मास्तरीणपणा बाजूला ठेवून, त्यांच्या उष्ट्या वाटीतली खीर खाल्ली. लई गोड झाली होती.