तीन रिंगा

आमच्या कान विभागाला सलग दोन वर्षं ढाल मिळाली. पितळेची, लाकडी पाटीवर ठोकलेली, साहेबांच्या खुर्चीच्या बरोब्बर डोक्यावर टांगलेली. सरकारी दवाखान्यात ऑपरेशनसाठी कुणालाही शंभर दिवसांपेक्षा जास्त थांबावं लागू नये, असं वरून उद्दिष्ट आलं होतं, आणि ते शंभर टक्के गाठणारा अख्ख्या दवाखान्यात आमचा एकच विभाग. हाडांचा विभाग रडत होता, पोटाचा विभाग बोलणी खात होता, आणि आम्ही ढालीसोबत फोटो काढून घेत होतो. ती ढाल ज्यांच्यामुळे मिळाली त्या हॅलोताईंबद्दल मला लिहायचंय. शांतपणे लिहायचं असं ठरवलंय. जमेलच असं नाही.

हॅलोताई म्हणजे आमच्या विभागात फोन करणाऱ्या बाई. सव्वीस वर्षं एकाच खुर्चीत. खुर्चीवर जुन्या पडद्याच्या कापडाची उशी, गळ्यात दोरीला लटकणारा चष्मा, आणि सकाळी नऊच्या ठोक्याला पहिला ‘हॅलो’. तो ‘हॅलो’ असा खणखणीत की भिंतीपलीकडे भूल देणारे डॉक्टर म्हणायचे, ‘ताई, आमचा पेशंट उठेल.’ नवरा लवकर गेला, मुलगा नोकरीसाठी लांब, घरी फक्त त्या आणि सासूबाई. सासूबाईंना बारा वर्षांपासून ठार ऐकू येत नाही. एवढा दणकट आवाज कुठून कमावला, असं कुणी विचारलं की ताई म्हणायच्या, ‘घरी रोज रियाज असतो!’

मी शेजारच्या टेबलावर. कागद लावायचे, शिक्के मारायचे, हे माझं काम. तेव्हा पुढे जे सांगतोय त्यातून मी नामानिराळा राहतोय असं समजू नका.

काम असं होतं. यादीतल्या माणसाला नव्वद दिवस झाले की त्याचा कागद ताईंकडे यायचा. ताईंनी फोन करून ऑपरेशनची तारीख सांगायची. टेबलाच्या काचेखाली नियम चिकटवलेला होता: फोन दोनदा करावा, दर वेळी तीन रिंगा द्याव्यात, न उचलल्यास ‘प्रतिसाद देत नाही’ अशी नोंद करून नाव नव्या तारखेने यादीच्या शेवटी घ्यावे. नव्या तारखेने, हे नीट वाचा. म्हणजे तीन महिने थांबलेला माणूस आज सकाळपासून थांबलेला व्हायचा. त्याचे दिवस शून्य. तो नव्या तारखेचा शिक्का मी मारायचो, आणि सांगायला लाज वाटते, पण मला तो शिक्का आवडायचा. छान उठायचा.

दहा फोन केले तर सहा जण उचलायचे नाहीत. ‘लोकांना काही पडलेलीच नाही,’ असं साहेब म्हणायचे. आम्ही माना डोलवायचो. त्या खोलीत आम्ही पाच माणसं बसत होतो, पाचही शिकलेली.

मग एके दिवशी तो मेकॅनिक आला. शिलाई मशीन दुरुस्त करणारा, पन्नाशीतला, नखांत तेलाचं काळं, खिशाला छोटा स्क्रू ड्रायव्हर अडकवलेला. घड्या घालून घालून त्याच्या कार्डाचे चार तुकडे व्हायला आले होते. तो ताईंसमोर उभा राहिला आणि मोठ्या आवाजात म्हणाला, ‘ताई, माझा नंबर कधी?’

ताईंनी कागद पाहिला. ‘अहो, तुम्हाला फोन केला होता. उचलला नाहीत तुम्ही.’

‘काय?’

‘फोन! फोन केला होता!’

‘काय म्हणालात?’

तिसऱ्या वेळी ताई घरच्या आवाजात ओरडल्या. तो त्यांच्या ओठांकडे बघत होता. मग त्याला कळलं, आणि तो चकितच झाला. ‘फोन? मला? अहो ताई, मला फोन ऐकू आला असता तर मी इथं कशाला आलो असतो?’

रांगेत हशा पिकला. म्हणजे ज्यांना ऐकू आलं ते हसले. मीही हसलो. ताई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा लावला, उठल्या, आणि जुन्या नोंदी घेऊन बसल्या. त्या मेकॅनिकचं नाव तीनदा शेवटी गेलं होतं. तिन्ही नोंदी ताईंच्या अक्षरात, तिन्ही शिक्के माझे, आणि तिन्ही शिक्के छान उठलेले. पहिल्या तारखेपासून मोजलं तर त्या दिवशी त्याला तीनशे चाळीस दिवस झाले होते. आमच्या तक्त्यावर त्याचे होते सत्तर.

त्याच दुपारी डॉक्टरीणबाईंनी त्याचा कान तपासला. बाहेर येऊन त्या ताईंना म्हणाल्या, ‘आतलं हाड किडीनं खाल्लंय. पहिल्याच वेळी यायला हवा होता हा माणूस. डावा कान आता गेला. उजवा वाचेल, पण लवकर केलं तर.’ मेकॅनिकला ते कागदावर लिहून दाखवलं. त्यानं वाचलं आणि फक्त एवढंच म्हणाला की, मशीनला काय झालंय ते मला आवाजावरून कळतं, डोळ्यांनी नाही कळत.

ताई साहेबांकडे गेल्या. मीही मागोमाग गेलो.

‘साहेब, माझ्या घरी बारा वर्षं बहिरी सासू आहे. मी कधी त्यांच्या हातात फोन देत नाही, देऊन काय उपयोग! आणि इथं येऊन मी दिवसभर बहिऱ्या माणसांना फोन लावते, तीन रिंगा मोजते, आणि लिहिते की प्रतिसाद देत नाहीत. मला वेड लागलं होतं का हो?’

साहेबांनी हात वर केले. ‘नियम मी केलाय का? वरून आलाय. सगळ्या विभागांना एकच.’

‘मग त्या मेकॅनिकची पहिली तारीख तरी परत लावा. म्हणजे तो उद्याच वर येईल.’

‘तीनशे चाळीस दिवस? तक्त्यावर?’ साहेबांनी मान वळवून ढालीकडे बघितलं. खरंच बघितलं. ‘अहो ताई, एका माणसापायी सगळ्यांच्या मेहनतीवर पाणी फिरवायचं का?’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेहनत म्हणे! तीनपर्यंत मोजायची मेहनत! पण मी मूग गिळून उभा राहिलो, कारण मला नोकरी हवी होती. ताईंनाही हवी होती. तरी त्या म्हणाल्या, ‘बरं,’ आणि जाऊन खुर्चीत बसल्या, आणि त्या दिवसापासून त्यांनी रिंगा मोजणं सोडून दिलं.

त्या वीस-वीस रिंगा द्यायच्या. नाही उचलला तर कागदावरच्या पत्त्यावरून शेजारचं दुकान शोधून तिथं निरोप ठेवायच्या. जुन्या नोंदी उकरून प्रत्येक कागदावर पेन्सिलीनं पहिली तारीख लिहायच्या. पूर्वी दिवसाला साठ फोन व्हायचे, आता जेमतेम वीस. शंभरी ओलांडलेल्या नावांनी तक्ता लाल झाला. दुसऱ्या आठवड्यात त्यांना मेमो मिळाला: कामात दिरंगाई. सव्वीस वर्षांतला पहिला. ताईंनी तो घडी घालून उशीखाली ठेवला आणि पुढचा फोन लावला. मेकॅनिकचा कागद मात्र साहेबांनी आपल्या कपाटात ठेवून दिला होता. ऑपरेशनच्या यादीवर सही त्यांची लागायची.

तीन आठवड्यांनी वरच्या कार्यालयातून एक बाई आल्या. उद्दिष्ट कसं गाठलं ते बघून इतर विभागांना शिकवायचं होतं म्हणे. साहेबांनी सदरा नवा घातला होता. ढाल पुसून घेतली होती, ती मलाच पुसायला लावली. बाईंनी विचारलं, ‘फोनचं काम कसं चालतं, जरा दाखवता का?’

‘दाखवते की,’ हॅलोताई म्हणाल्या. खोलीचं दार उघडंच होतं आणि बाहेरचा बाक समोर दिसत होता. ‘तो निळा शर्ट दिसतोय ना, तिसरा? त्यांना लावते.’

मेकॅनिक बाकावर बसला होता. ताईंनीच त्याला चिठ्ठी लिहून बोलावलं होतं आणि फोन खिशात ठेवून यायला सांगितलं होतं. ताईंनी नंबर लावला. बाहेर फोन वाजला, चांगला मोठ्यानं. मेकॅनिक समोरच्या भिंतीकडे बघत बसला. तो तर सोडाच, त्या बाकावर सात माणसं होती आणि एकानंही मान वळवली नाही. सगळे आमचेच पेशंट.

‘एक,’ ताई म्हणाल्या. ‘दोन. तीन.’ रिसीव्हर ठेवला. ‘असंच आणखी एकदा करायचं. मग लिहायचं की प्रतिसाद देत नाही. आजपासून यांचे शून्य दिवस.’

पाहुण्या बाई दारापर्यंत जाऊन बाकाकडे बघून आल्या. मग त्यांनी विचारलं, ‘यांचे खरे दिवस किती?’

‘तीनशे एकसष्ट.’

साहेब काहीतरी बोलायला गेले. बाईंनी त्यांच्याकडे न बघता हात पुढे केला आणि म्हणाल्या, ‘कागद.’ कपाट उघडलं. पुढच्या मंगळवारी मेकॅनिकचं ऑपरेशन झालं आणि उजवा कान वाचला.

यानंतर सगळं सुधारलं असं लिहायला मला आवडलं असतं. दोन महिन्यांनी वरून पत्रक आलं. त्यात लिहिलं होतं की, रुग्णांनी आपल्या फोनचा आवाज मोठा ठेवावा, अशी पाटी दर्शनी भागात लावण्यात यावी. पाटी लावली. मीच लावली. पुढच्या वर्षी ढाल पोटाच्या विभागाला गेली. त्यांनी काय युक्ती काढली होती देव जाणे. ताई मात्र निवृत्त होईपर्यंत वीस रिंगा देत राहिल्या, आणि मेमोंची गड्डी वाढून त्यांची उशी एका बाजूनं उंच झाली.

निवृत्तीनंतर आठवड्याभरात त्यांचा मला फोन आला. ‘माझं शिलाई मशीन घेऊन त्या मेकॅनिककडे जायचंय. उचलायला या.’ मशीन ठणठणीत होतं हे मला नंतर कळलं.

त्याचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. चहूकडे मशीनं, कोपऱ्यात फळी, फळीवर फोन, मागे पडदा आणि पडद्यामागे स्वयंपाकघर. त्यानं उजवा कान मशीनला लावून हातानं चाक फिरवलं. ‘काही झालं नाहीये याला,’ तो म्हणाला. ‘तेल घाला थोडं.’

ताई उभ्याच होत्या. ‘ते तीन वेळचे फोन मी केले होते,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्हाला मागे ढकललं ते मी. डावा कान माझ्यामुळे गेला.’

‘शिक्के माझे होते,’ मी म्हणालो.

मेकॅनिकनं चाकावरचा हात काढला. पडद्याआडून त्याच्या बायकोचा आवाज आला. ‘ते फोन तुमचे होते होय? मला यायचे की ऐकू! गुडघे धरलेत माझे. उठायची, काठी घ्यायची, पडद्यापर्यंत पोचायची की फोन बंद. उलटा फोन लावला तर तुमच्या फाटकावरचा पहारेकरी उचलायचा. म्हणायचा, इथून कुणी केला नाही.’

ताईंनी पिशवीतून फोन काढला. ‘एकदा याल का उठून? मी लावते.’

‘आत्ता?’

‘आत्ता. नेहमी यायचात तशाच या.’

फळीवरचा फोन वाजू लागला. ताई ओठ हलवत मोजत होत्या. आत स्टूल सरकल्याचा आवाज आला, मग काठीचा. तीन झाल्या. पडदा हलला. चार. बाई फळीपर्यंत आल्या आणि पाचव्या रिंगेला त्यांनी फोन कानाला लावला.

‘हॅलो?’ त्या म्हणाल्या. ‘हॅलो, कोण बोलतंय?’

हॅलोताई चार हात अंतरावर उभ्या होत्या, फोन कानाला धरून. त्यांच्या तोंडून शब्द फुटेना.