चौघांनी उचललेली झोळी

गुणाबाईनं घड्याळ घेतलं ते नवरा पडल्यावर. त्याआधी दोन तास म्हणजे नेमके किती, याची टेपाच्या वाडीत कुणाला गरजच पडली नव्हती. आता भगीरथला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठ सोलून निघेल, असं मुरबाडच्या नर्सबाईंनी बजावलं होतं. त्या दिवसापासून गुणाबाईचं जग दोन तासांचं झालं. त्यात विहिरीवर जाऊन येता यायचं, शेताच्या बांधापर्यंत जाता यायचं. धसईचा बाजार त्यात बसत नव्हता, कारण वाडी उतरायलाच पाऊण तास लागे आणि मग परतीची चढण. आटगावला दिलेली बहीण संजीवनी तर परदेशात असल्यासारखीच झाली होती.

पडला तो दोन वर्षांपूर्वी, थंडी सरताना. राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडायला चढला होता. भाताचं बी टाकण्याआधी त्या जागेवर फांद्या-पाला जाळायचा, ही इकडची जुनी रीत. फांदी मोडली आणि भगीरथ पाठीवर आदळला. शुद्धीत होता, पण हातपाय कळत नाहीत म्हणत होता. वाडीपर्यंत गाडी येत नाही. कुणाला साप डसो की बाळंतीण अडो, माणूस झोळीत घालायचा, झोळी बांबूला टांगायची आणि डांबरी सडकेपर्यंत पळायचं. गुणाबाईनं जाड लुगडं आणलं, स्वतःच्या हातानं दोन्ही टोकं बांबूला आवळली. भगीरथचा चुलतभाऊ वाळू पुढं झाला, आणखी तिघांनी खांदा दिला. चौघं असे उतरले की वाटेत कुणी पाणीसुद्धा प्यायलं नाही.

शहरातल्या मोठ्या इस्पितळात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी गुणाबाईला बाजूला घेतलं आणि विचारलं, "आणलं कसं यांना?" गुणाबाईनं जरा अभिमानानंच झोळीची हकीगत सांगितली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मणका मोडला की माणसाला वाकवायचं नसतं हो. फळीवर सरळ बांधून आणायचं. हातपाय वाचलेही असते कदाचित." गुणाबाईचा चेहरा पाहून त्यांनी घाईघाईनं जोडलं, "नक्की नाही सांगता येत." पण गुणाबाईला जे ऐकू यायचं ते आलं होतं. तिनं ते घरी आणलं आणि कुणापाशी काढलं नाही.

बाकीच्यांकडे आपापली कारणं तयार होती. सासू धोंडीबाईचं म्हणणं, सुनेनं येशूचं धरलं, देवाचा नारळ बंद केला, म्हणून हे झालं. गुणाबाईनं येशूचं धरलं होतं हे खरंच. संजीवनीच्या बाळंतपणाला आटगावला गेली असताना ती तिथल्या प्रार्थनेत बसली होती. मध्ये भगत नाही, कोंबडं नाही, आपल्या बोलीत देवाशी थेट बोलायचं, हे तिला फार आवडलं. एवढ्या मोठ्या देवाला आपली बोली कळते याचं तिला रडू आलं होतं. येताना शुभवर्तमानाचं पुस्तक घेऊन आली. चौथी शिकलेली बाई, बोट ठेवून वाचायची.

दुसरीकडे शहापूरचे पास्टर अनिल. महिन्यातून एकदा मोटारसायकल खाली लावून, धापा टाकत वर यायचे. माणूस भला, पिशवीत सफरचंदं आणायचा. पण दर वेळी गोष्ट तीच वाचायचा. चार जण एका लुळ्या माणसाला बाजेसकट उचलून आणतात, गर्दीमुळे छप्पर उसकटून येशूपुढं सोडतात आणि तो उठून चालायला लागतो. "विश्वास वाढवा, ताई," पास्टर म्हणायचे. "कुठंतरी कमी पडतोय." चार जणांनी उचलून आणलं म्हटलं की गुणाबाईला आपण बांधलेली झोळी दिसायची. पास्टर बिचाऱ्याला काय ठाऊक. सासू म्हणे देव जास्त झाला, पास्टर म्हणे विश्वास कमी झाला, आणि मधल्या मध्ये गुणाबाई चेचली जात होती.

तरी ती रोज उठत होती, हे विसरून चालणार नाही. पहाटे चूल पेटवताना बोलायची, "देवा, आजच्या दिसाचा बळ दे." आणि तेवढं मिळायचं. ते कुठून येतं याची तिला शंका नव्हती. पण त्याच दमात ती झोळीची माफी मागायची, आणि ती काही मिळाल्यासारखी वाटत नव्हती.

एका दुपारी ती भगीरथला वळवत असताना तो म्हणाला, "माजा काय चुकला, मना म्हायती हाय."

गुणाबाईचे हात थांबले.

"बापूस झाडावर चढायच्या आदी बुंध्याला हात लावून पाया पडायचा. मी त्या दिशी नाय पडलो. तुजा देव निराला, माजा निराला, कोन बगतंय, म्हटला." त्याचा आवाज चिरकला. "दोन वरसा हाच इचार करतंय. भगताला बोलव. बकरा देऊ. आन तू ता पुस्तक बंद कर गो. माज्यासाठी."

खरं कारण तिच्यापाशी होतं आणि हा माणूस खोट्या कारणानं स्वतःला कुरतडत पडला होता. चिडून ती पुस्तक घेऊन पडवीत बसली. बोटाखाली आलं ते असं, की अर्पण आणलंस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असल्याचं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर. गुणाबाईला राग आला, थेट देवाचाच. दोन वर्षं रोज माफी मागत होते, तेव्हा हे सांगायला काय झालं होतं?

दुसऱ्या दिवशी चुलीपाशी तिनं झोळीची माफी मागितली नाही. जिभेला बळ दे, एवढंच म्हणाली. मग त्याच्याजवळ जाऊन बसली.

"तुमचा काय बी चुकला नाय. झोळी चुकली. फळीवर न्यायला पायजे व्हता. डागदरनीनं मना तवाच सांगितला. झोळी मी बांदली आन दोन वरसा तोंड बी मीच बांदला."

भगीरथनं मान भिंतीकडे वळवली. स्वतः वळवता येण्याजोगं त्याच्याकडे तेवढंच होतं.

चार दिवस तो तिच्या हातचं जेवला नाही. धोंडीबाई भरवायची आणि काय बिनसलं म्हणून दोघांकडे आळीपाळीनं बघायची. गुणाबाईला मात्र दर दोन तासांनी त्या न बोलणाऱ्या अंगाला हात घालावाच लागे. दुसरी कुणी असती तर रुसून माहेरी गेली असती, रानात जाऊन रडली असती. हिला रडायलासुद्धा घड्याळ बघावं लागत होतं. खरं बोलल्यावर मोकळं वाटतं असं जे म्हणतात, त्यांनी तिला येऊन तसं तोंडावर सांगून दाखवावं. सकाळी चुलीपाशी तिला एकच म्हणता येई, "तू हायस ना?" आणि मग ती उठून कामाला लागे.

रविवारी वाळू वस्तरा घेऊन आला. पंधरवड्याला तोच भावाची दाढी करायचा. साबण लावला, वस्तरा गालाला टेकवला आणि तिथंच थांबला.

"भाऊ, येक इचारू? मोबाइलवर बगितला, असा पडलेला मानूस झोळीत घालायचा नसतो. तवापासना झोप नाय मना." वाळूनं वस्तरा खाली ठेवला. "आमीच तर नाय ना रे तुजं हातपाय घालवलं?"

गुणाबाई दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिला वाटलं, आता संपलं. आता भगीरथ सांगणार, आणि संध्याकाळपर्यंत झोळी उचलणाऱ्यांच्या चारही घरांत ते पोचणार.

भगीरथ साबणाच्या फेसातून हसला. चार दिवसांत पहिल्यांदा.

"येडा हायस का? तुमी पळालात म्हनून मी जीता हाय. पुढच्या टायमाला कोन पडला तर फळीवर नेऊ, येवढाच. नाय पटत तर हिला इचार. डागदरनीशी हीच बोलली."

वाळूनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. भगीरथनंही पाहिलं, सरळ, डोळ्यांत. गुणाबाईच्या येशूचं नावही न घेणारा हा माणूस. दोन वर्षं ती जे पहाटे मागत होती, ते तिला भरदुपारी बाजेवरून मिळत होतं, आणि तिच्या आधी वाळूला.

"व्हय, भावोजी," ती म्हणाली. "तुमीच वाचवला यांना."

वाळूनं डोळे बाहीला पुसले आणि दाढी पुरी केली. तो गेल्यावर गुणाबाईनं ओल्या फडक्यानं नवऱ्याचं तोंड पुसलं. त्यानं मान भिंतीकडे नेली नाही.

"भूक लागली," तो म्हणाला. "आयेला नको उठवू. तूच भरव."