पिवळी पडू नये म्हणून

पीएचडीसाठी मी हट्ट्याहून, आमच्या गावाहून, चेन्नईला निघाले, त्या सकाळी बाबा मला एसटीपर्यंत सोडायला आले नाहीत. चूक माझीच होती. जाण्याआधी काम उरकावं म्हणून आदल्या दिवशी मी शिजवलेली हळद खळ्यावर पातळ पसरली आणि संध्याकाळी ढीग करून झाकलीही नाही. रंग उतरला. बाबा उकिडवे बसून ती पुन्हा जाड थरात ओढत होते. मान वर न करता म्हणाले, "एवढी घाई काहून करून राहिली माय? तिला तिच्या चालीनं वाळू दे." मी रागातच बसमध्ये चढले.

गावाकडे पिवळं म्हणजे सोनं. इथे लॅबमध्ये पिवळं म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. काचेवर द्रावण टाकून गरगर फिरवायचं, हॉटप्लेटवर तापवायचं, की पेरोव्स्काइट नावाच्या पदार्थाची काळी, केसाहून बारीक फिल्म बसते. तिच्यावर ऊन पडलं की वीज तयार होते. स्फटिक मोठे आणि एकमेकांना चिकटून वाढले तर ती टिकते. फटी राहिल्या की इथली दमट हवा आत शिरते आणि बघता बघता फिल्म पिवळी पडते. माझी तर रोजच पडायची. शेवटी गाइड सरांनी बजावलं, एक तरी फिल्म आठवडाभर काळी ठेवून दाखव, नाहीतर पीएचडी सोड. म्हणजे परत हट्टा.

बाबांना फोनवर सांगितलं, पिवळी पडतेय. "मंग चांगलंच की!" मी चिडून समजावलं, इथे ओली फिल्म वाळवायची असते, ती पिवळी पडली की सर ओरडतात. त्यांनी विचारलं, "वली असताना झाकून ठेवती का न्हाई?"

ठेवत नव्हते. पेपरांत वाचलं होतं, पण वेळ जातो म्हणून टाळलं होतं. खळ्यावरची तीच घाई! दुसऱ्या दिवशी ओल्या फिल्मवर काचेची बशी पालथी घातली, तिला हळूहळू वाळू दिलं आणि मगच तापवलं. ती कपाटात ठेवली आणि रोज सकाळी सगळ्यांत आधी कपाट उघडून तिचा रंग बघायला लागले.

आठव्या दिवशीही ती काळीच होती. तोंड दिसावं इतकी लख्ख. मी बाबांना फोटो पाठवला. लगेच फोन आला, आवाज घाबरलेला. "सारीच काळी पडली की गं! साहेब वरडतील का? न्हाई जमलं तर निघून ये. आमी हाव ना."

आठवडाभर मी ज्या परतण्याला घाबरत होते, तेच बाबा मला खाऊसारखं पुढे करत होते.