पाचशेच्या तेवीस नोटा

१४ जून, शनिवार. रक्कम अकरा हजार पाचशे. हजर माणसे तीन: मी, बायको आणि आमचा जुना लॅपटॉप घ्यायला कारंज्याहून आलेला एक टायर-पंक्चर दुकानवाला.

लॅपटॉपची जाहिरात मी मोबाइलवर टाकली होती. आठवडाभर ठगच भेटले. एकाने पैसे पाठवतो म्हणून कोड स्कॅन करायला सांगितला, दुसऱ्याने ओटीपी मागितला. दोघांचेही नंबर वहीत लिहून ठेवले आणि ब्लॉक केले. हा माणूस मात्र स्वतः एसटीने वर्ध्याला आला, भर दुपारी, घरी. त्याच्या मुलीसाठी हवा म्हणाला. चालवून पाहिला आणि खिशातून पाचशेच्या तेवीस नोटा काढून टेबलावर ठेवल्या.

मी हात लावला नाही. खोट्या नोटांची भीती मनात बसली होती.

“खात्यात टाका. नोंद राहते.”

“माह्या खात्यात एवढे नाई, सर. शंका असन तं बँकेत दाखवून आणा.”

“आज दुसरा शनिवार. बँक बंद आहे.”

“घ्या ना हो,” बायको म्हणाली. “का आता सातबाराही पाहता त्याईचा?”

तो हसला. मी हसलो नाही. मग त्याने कारंज्यातल्या एका ओळखीच्या दुकानदाराला फोन लावला. त्या दुकानदाराने स्वतःच्या खात्यातून माझ्या खात्यात पैसे टाकायचे, आणि याने परत गेल्यावर त्याला नोटा द्यायच्या, असे ठरले. दोन मिनिटांत पैसे जमा झाले. सोमवारी मी पासबुकावर नोंद छापून आणली आणि निश्चिंत झालो.

आमच्या मुलीला गावातल्याच नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली होती. शुल्क बासष्ट हजार, शेवटची तारीख ३० जून. मुदतठेव २८ तारखेला पिकणार होती. आधी मोडली असती तर सहाशे चाळीस रुपये व्याज बुडाले असते, म्हणून थांबलो. तीस तारखेला सकाळी डीडी काढायला गेलो तर खाते गोठवलेले. परराज्यातल्या पोलिसांचा आदेश होता. कारंज्यातल्या त्या दुकानदाराच्या खात्यात कुणाला तरी फसवून उकळलेले पैसे आले होते आणि त्यातूनच माझे अकरा हजार पाचशे निघाले होते. माझे अडकले मात्र सगळेच.

“पण माझी चूक काय?”

“ते तिकडं विचारा, सर. आमच्या हातात नाही,” बँकेतला कारकून म्हणाला.

चार वाजेपर्यंत नातेवाइकांकडून अडतीस हजार जमले. मुलगी सकाळपासून कागदपत्रांची पिशवी मांडीवर घेऊन तयार बसली होती. पाच वाजता कॉलेजची खिडकी बंद झाली. तिने पिशवी कपाटात ठेवली.

मी पंक्चरवाल्याला फोन केला. नोटा त्याने त्याच संध्याकाळी देऊन टाकल्या होत्या. घेणाऱ्याच्या दुकानाला आता कुलूप होते.

“मी तं नोटा घेऊनच आलतो, सर,” तो म्हणाला. “तुमालेच भरोसा नव्हता.”

मी फोन ठेवला.

अडीच महिन्यांनी खाते मोकळे झाले. तोवर मुलीची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली होती. शेवटी दिले गेले ते असे: प्रतिज्ञापत्राचे आठशे रुपये वकिलाला, आणि अकरा हजार पाचशे, माझ्या खात्यातून वळते होऊन, मी कधी न पाहिलेल्या एका तक्रारदार बाईंना. बासष्ट हजार खात्यातच पडून आहेत.