कोरा रकाना

उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, कॉम्प्युटर आला आणि यज्ञेश्वर हेर्लेकरांचं नशीब उघडलं. होते साधे टायपिस्ट. कंपनीनं पुण्याला शिकायला धाडलं आणि परत आले ते काचेच्या खोलीचे राजे होऊन. गिऱ्हाइकाची पुरी झालेली ऑर्डर बंद करायची तर पडद्यावर लांबलचक ओळ टंकावी लागे. प्रोग्रॅमचं नाव, मग कंसात गिऱ्हाइकाचा नंबर, ऑर्डरचा नंबर, तेही पुढची शून्यं लावून. एक शून्य राहिलं की मशीन अडून बसे. ती ओळ एकट्या हेर्लेकरांना पाठ. सकाळपासून दाराशी माणसं, "साहेब, तेवढं बघा की!" हेर्लेकर मुद्दाम चष्मा पुसत बसायचे.

अठ्ठ्याऐंशी साली आजऱ्याची श्यामला नोकरीला लागली. थोडे दिवस तिनं नुसतं पाहिलं. मग म्हणाली, "साहेब, या मशीनला आपण आपली कमांड शिकवू शकतो." तिनं छोटंसं नाव ठरवलं. ते टंकलं की पडद्यावर रकाने येत आणि मशीनच विचारे: गिऱ्हाईक कोणतं? ऑर्डर कोणती? शून्यं तेच भरून घेई.

मॅनेजर खूश झाले. "हेर्लेकर, इतक्या वर्षांत हे तुम्हाला कसं सुचलं नाही?"

तो प्रश्न हेर्लेकरांना काट्यासारखा रुतला. दुसऱ्या दिवशी श्यामलानं कमांड त्यांच्यापुढे ठेवली. "सगळ्यांना द्यायच्या आधी एकदा नजर टाकता?"

हेर्लेकरांची नजर तयार होती. ऑर्डरचा रकाना कोरा सोडला तर मशीननं 'सगळ्या' समजायचं, असं तिनं ठरवलं होतं. वर्षअखेरीला सोयीचं म्हणून. पण एखाद्यानं घाईत तो कोरा सोडला तर? त्या गिऱ्हाइकाच्या चालू ऑर्डरीही बंद! शब्द ओठांवर आला. हेर्लेकरांनी तो गिळला.

"छान आहे," ते म्हणाले.

दारातली गर्दी ओसरली. डिस्पॅचचा बाळासो तर तोंडावर म्हणाला, "बाईंनी लई सोपं केलं बघा. आता तुमास्नी तरास न्हाय!" घरी त्यांच्या पत्नी माई म्हणाल्या, "बरं केलं त्या पोरीनं. आता तरी वेळेवर जेवायला याल." हेर्लेकरांना घास गोड लागेना. त्या पोरीचं नाव आता स्वयंपाकघरातही!

आणि एका सकाळी बाळासोनं रकाना कोरा सोडला. एका पंपवाल्या कंपनीच्या साऱ्या ऑर्डरी बंद झाल्या आणि त्यांची जॉबकार्डं छापून निघेनात. भट्टीत लोखंड वितळून तयार. फोरमन गणपतराव तडक काचेच्या खोलीत घुसले. "कार्डच न्हाय तर साचा कुठला लावू? लोखंड थांबतंय व्हय माझ्यासाठी?"

हेर्लेकर खुर्चीतून अर्धे उठले. आता येतील सगळे आपल्याकडे. पण गणपतराव त्यांना ओलांडून श्यामलापुढे जाऊन उभे राहिले.

तिचा चेहरा पांढरा पडला होता. तरी तिनं डोकं शांत ठेवलं. "साहेब, कालच्या सगळ्या नोंदी उतरवलेली टेप तुमच्या कपाटात आहे ना?"

किल्ली हेर्लेकरांच्या खिशात होती. क्षणभर ती खिशातच राहावी असं वाटलं. मग खालून भट्टीवाल्यांचा आरडाओरडा ऐकू आला आणि त्यांनी कपाट उघडलं. ऑर्डरी परत आल्या, लोखंड साच्यात गेलं.

मॅनेजरांपुढे श्यामला म्हणाली, "चूक माझी. साहेबांना दाखवलं होतं, पण कोऱ्या रकान्याचं मी बोललेच नाही. त्यांना कसं कळणार?"

कसं कळणार! हेर्लेकरांची कानशिलं तापली. 'मला कळलं होतं' म्हणावं तर नोकरी जाईल, न म्हणावं तर अडाणी ठरायचं. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

त्यानंतर मॅनेजरांचा हुकूम निघाला: हेर्लेकरांनी तपासल्याशिवाय नवी कमांड कुणाला द्यायची नाही. आणि काय तपासायचे ते! उलटे नंबर घाल, अक्षरं घाल, रकाने कोरे सोड. तिची चूक सापडावी म्हणून जेवणाची सुट्टीही सोडायचे. सापडली की चहा गोड लागे. नाही सापडली की दिवस वाया. लोक म्हणत, "हेर्लेकरसाहेबांचा त्या मुलीवर किती जीव!" श्यामलालाही तसंच वाटे. तिच्या कमांडा मात्र अशा पक्क्या झाल्या की पुण्याच्या एका कंपनीनं तिला बोलावून घेतलं.

निरोपाच्या दिवशी ती पाया पडली. हेर्लेकरांनी आशीर्वाद दिला, तोही मनापासून. तिचा पगार किती ठरला, हे मात्र त्यांनी बाळासोकडून आधीच काढून घेतलं होतं आणि त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.