गुंजेचं वजन

रविवारी सकाळी नऊला प्रशांतचा फोन आला. मी नुकतीच न्हाऊन केस वाळवत बसले होते. ‘ताई, तुमी अकराले दुकानात याल, म्हणून आधी तुमालेच लावला,’ तो म्हणाला आणि थांबला. ‘...आज दुकानात नका येऊ. घरी या. बाबा गेले सकाळी.’ प्रशांतचे बाबा म्हणजे मधुकरराव, आमच्या धरमपेठेतले सोनार. वय अठ्ठ्याहत्तर. पहाटे उठून चहा मागितला आणि चहा येईपर्यंत खुर्चीतच गेले. त्यांच्या घरी पोचले तेव्हा ओट्यावर तो कप तसाच झाकलेला होता. मला माणूस गेल्याचं सोडून त्या चहाचंच वाईट वाटत राहिलं, कारण या गृहस्थांनी माझ्यासमोर कधी चहा निवू दिला नव्हता. भेटायला आलेल्या त्यांच्या साडूंनी मला विचारलं, ‘तुमचं नातं काय?’ मी म्हटलं, ‘कासवाचं.’ त्यांनी मान डोलावली आणि पुढं काही विचारलं नाही. आता तीन आठवडे झाले आहेत, तेव्हा ते नातं नीट सांगते.

मी टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झाले. उभ्या आयुष्यात इतरांची बोलणी जोडून दिली, माझी जोडायची राहून गेली. तक्रार नाही, आपली वस्तुस्थिती सांगितली. निवृत्तीनंतर आठवड्याचे सहा दिवस कसेही जात, रविवार मात्र अंगावर येई. चार वर्षांपूर्वी, जानेवारीच्या थंडीत, आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावरचे भाडेकरू घाईनं घर सोडून गेले आणि त्यांचं उरलेलं सामान घरमालकानं जिन्यात काढून ठेवलं. त्यात एक काचेची पेटी होती. निम्मी गढूळ पाण्यानं भरलेली, आणि त्या पाण्यात लिंबाएवढं एक कासवाचं पिल्लू मान वर ताणून काचेवर नखं घासत होतं. काळ्या पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या. मी त्याला घरात आणलं आणि मोठ्या शहाणपणानं पेटी घासून स्वच्छ पाणी भरून दिलं. वर त्याला पोहता यावं म्हणून पाणी जरा जास्तच भरलं.

दोन दिवसांनी ते नाकातून फेस काढायला लागलं, तेव्हा वन खात्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पेटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. ‘मॅडम, हे कोरड्या रानातलं कासव आहे. याला पोहता येत नाही. तुम्ही याला दोन दिवस बुडवून राहिल्या होत्या.’ इतकी शरम मला नोकरीत चुकीचा नंबर जोडूनही कधी वाटली नव्हती. असं कासव घरी पाळायला कायद्यानं बंदी आहे, हेही मला तिथंच कळलं. पण पिल्लाच्या छातीत सर्दी भरली होती, त्याला दिवसातून चारदा पाहायला हवं होतं, आणि तिथं तेवढे हात नव्हते. शेवटी माझ्याकडून कागदावर सही घेऊन डॉक्टरांनी ते तात्पुरतं माझ्याकडं सोपवलं. वजन एक्केचाळीस ग्रॅम होतं. ‘शंभर भरलं की परत आणा, मग दक्षिणेकडं त्याच्या मुलखात पाठवू. दर रविवारी वजन करून मला फोनवर सांगत जा. घटलं तर समजा धोका आहे.’

आता एक्केचाळीस ग्रॅम मापायचं कशावर? स्वयंपाकघरातल्या माझ्या काट्याला पाव किलोच्या आतलं काही वजन आहे हेच मान्य नव्हतं. भाजीवाला हसला. तेव्हा मला मधुकरराव आठवले. माझ्या आईच्या पाटल्या त्यांनी घडवल्या होत्या. दुकान आता प्रशांत सांभाळत होता. मधुकरराव कोपऱ्यात आपल्या जुन्या काट्याशेजारी बसून असत. काचेच्या कपाटातला, दोन पारड्यांचा, पितळी काटा. गिऱ्हाइकांसाठी प्रशांतनं आकड्यांचा नवा काटा घेतला होता, पण पारशिवनीकडची जुनी माणसं दुसरीकडं घेतलेलं सोनंसुद्धा खात्रीसाठी म्हाताऱ्याच्या काट्यावर ठेवायला आणत. सकाळी आले की ते आधी काट्याला हात जोडत, मग भिंतीवरच्या देवाला.

मी पिशवीतून पिल्लू काढलं. मधुकररावांनी चष्मा कपाळावर चढवला. ‘हे काय आणलं जी?’

‘मापायचंय.’

‘घडणावळ लावायची का नुसतंच माप?’ हे त्यांनी इतक्या गंभीरपणे विचारलं, की मी क्षणभर उत्तर शोधायला लागले.

नव्या काट्यावर पिल्लू चालायला लागायचं आणि आकडे काही ठरायचे नाहीत. म्हणून जुना काटा निघाला. पारड्यात नखं घसरू नयेत म्हणून मधुकररावांनी तळाशी फलालीचा एक गोल तुकडा घातला, आणि तसाच दुसरा तुकडा कातरून वजनांच्या पारड्यात ठेवला. ‘याच्यात ठेवलं तर त्याच्यातबी ठेवा लागते. नाहीतर काटा खोटा बोलते.’ एक्केचाळीसचे बेचाळीस झाले होते. त्यांनी वजन सांगितलं आणि म्हणाले, ‘गुंज आहे हो हे लेकरू.’ गुंज म्हणजे ती लाल-काळी बी, सोनारांचं जुन्या काळचं सगळ्यांत लहान माप. नाव ठेवू नका, जीव लावू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण तेव्हापासून ती गुंजच झाली.

मग वर्षभर माझ्या रविवारांना अकराची वेळ मिळाली. आठवडाभर मी शेवग्याचा पाला, जास्वंदीची फुलं आणि लॉनवरचं औषध न मारलेलं गवत गोळा करत हिंडायची. कवच घट्ट व्हावं म्हणून समुद्रफेसाचा, म्हणजे माकुळीच्या पांढऱ्या हाडाचा, तुकडा तिच्या ट्रेमध्ये असे, तो ती उंदरासारखी कुरतडायची. थंडीत साठ वॅटचा दिवा, मे महिन्यात कूलरच्या झोतापासून दोन हात लांब, आणि एक दिवसाआड पितळी ताटलीत बोटभर कोमट पाण्याची आंघोळ. त्या ताटलीत ती दहा मिनिटं मान टाकून बसायची, पोटभर पाणी प्यायची आणि मग सगळं पोट मोकळं करायची. या सगळ्यात मी किती सुखात होते, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. रविवारी दुकानात शिरले की मधुकरराव बाकावरच्या माणसाला सांगायचे, ‘सरका जी, आमचा नग आला.’ माप झालं की चहा. कधी पाटलीवरच्या जाळीच्या कामाची गोष्ट, कधी गुंजेच्या पाठीवरच्या रेघांची. ‘अशी रेघ मले चाळीस वर्षांत नाही जमली. हिनं अंड्यातूनच आणली,’ म्हणायचे. प्रशांत मला एकदा हळूच म्हणाला, ‘ताई, बाबा शनिवारीच काटा पुसून ठेवून राहिले आजकाल.’

दिवाळी जवळ आली तेव्हा गुंज ब्याण्णव ग्रॅमची झाली. डॉक्टर फोनवर खूश झाले आणि मी शंभराला किती रविवार उरले ते मोजत बसले. पुढच्या रविवारी मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलं नाही. एरवी रविवारी आंघोळ आली तर ती माप झाल्यावर असायची. त्या रविवारी ती मी सकाळी साडेदहालाच घातली. पोट मोकळं झालेली गुंज घेऊन मी अकराला दुकानात. त्र्याण्णव. त्यापुढच्या प्रत्येक रविवारी तेच केलं. तिला काही त्रास नव्हता, खाऊनपिऊन ठणठणीत होती, म्हणून माझं मन मला फारसं खात नव्हतं. त्याच सुमाराला मधुकररावांनी पारड्यातली कापडं बदलली. जुनी विटली होती, नवी हिरवी आली, काठ छान दुमडून शिवलेली. मी कौतुक केलं. ‘सून शिवून देत होती, मी म्हटलं माझं मीच शिवतो,’ ते म्हणाले. काटा त्र्याण्णव, चौऱ्याण्णव, पुन्हा चौऱ्याण्णव, पंचाण्णव असं रेंगाळत राहिला आणि आम्ही दोघं चहा पीत राहिलो. ‘वाढायची घाई नाही हिला,’ मी म्हणायची. ‘काहून करावी घाई?’ ते म्हणायचे.

शेवटी डॉक्टरांनाच शंका आली. दोन महिन्यांत चार ग्रॅम म्हणजे काहीतरी बिघडलंय, मंगळवारी घेऊन या, असं त्यांनी फर्मावलं. रविवारी काटा शहाण्णव म्हणाला होता. मधुकरराव माझ्यासोबत आले, ऑटोभर पिशवी त्यांच्याच मांडीवर होती. डॉक्टरांनी गुंजेला एका डबीत घालून आपल्या काट्यावर ठेवलं. एकशे आठ. त्यांनी डबी काढली, काटा शून्यावर आणला, पुन्हा ठेवलं. एकशे आठच. ‘कोण मापत होतं हिला?’ मी काही बोलायच्या आत मधुकरराव म्हणाले, ‘मी जी. सोनार आहो मी.’ डॉक्टर मोठ्यानं हसले. ‘काका, बारा ग्रॅमचा फरक? कासव आहे म्हणून ठीक. सोनं असतं तर लोकांनी घरी येऊन बसकण मारली असती.’ ते थट्टेनंच म्हणाले, त्यांचा दोष नाही. पण ज्या माणसाच्या काट्यावर लोक दुसऱ्यांचं खोटं उघडं पाडायला येत, तो माणूस माझ्यासमोर खाली मान घालून म्हणाला, ‘जुना झाला जी काटा. मीबी झालो.’

त्या वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. डॉक्टर, काटा खरा आहे, खोटी मी आहे, एवढंच तर म्हणायचं होतं. नाही म्हटलं. गुंजेला तिथं सोपवलं, सह्या केल्या, तिच्या पाठीवरून एक बोट फिरवलं. परतीच्या ऑटोत दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा त्यांनी दुसराच विषय काढला. मला वाटलं, दुखावलेत.

पुढं गुंज आणखी दोन कासवांबरोबर रेल्वेनं दक्षिणेकडं गेली. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी फोटो पाठवला. वाळकं गवत, काटेरी झुडपं, आणि त्यात ओळखू येईल न येईल अशी चांदण्यांची पाठ. फोटो घेऊन मी रविवारी अकराला दुकानात गेले. मधुकररावांनी तो बराच वेळ पाहिला. ‘भरली वाटते जरा,’ म्हणाले. मग रविवार तसेच सुरू राहिले, मापायला काही नसताना. तीन वर्षं. एकच गोष्ट बदलली होती. सकाळी आल्यावर ते आता देवाला हात जोडत, पण काट्याला जोडत नसत. प्रशांतनं एकदा विचारलं तर म्हणाले, ‘राहू दे रे.’ ते पाहिलं की दर वेळी मी कबुलीचं वाक्य मनात जुळवायची. चाळीस वर्षांची सवय माझ्या एका ताटलीभर पाण्यानं मोडली होती... आणि तरी चहा पिऊन मी घरी यायची. आता सांगू, पुढल्या रविवारी सांगू, यात माणूस निघून गेला.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी दुकानात गेले. अकराला. प्रशांतनं बाक पुसून दिला, चहा सांगितला, मग काट्याच्या कपाटाचा खण उघडून रुमालात बांधलेली एक वस्तू माझ्यासमोर ठेवली. ‘बाबांनं सांगून ठेवलं होतं, हे ताईले देजो. काय आहे ते नाही सांगितलं. ताईले हातात घेतल्यावर समजते म्हणे.’

रुमालात ती हिरवी फलालीची दोन कापडं होती. मी एक उजव्या हातात घेतलं, एक डाव्या. आणि समजलं. एक कापड जड होतं.

प्रशांतनं कातरीनं दुमडलेला काठ उसवला. आतून शिशाचा एक चपटा तुकडा निघाला, बोटाएवढा लांब, काठासारखा वळवलेला, रविवारागणिक एकेक पातळ पान चढवून ठोकलेला. सोनाराचंच काम. तो वजनांच्या बाजूला असणार, म्हणजे गुंज तेवढ्यानं कमी भरणार. प्रशांतनं तो नव्या काट्यावर ठेवला आणि आकडा दोनदा वाचला. ‘बाबांनं?’ तो म्हणाला. ‘आमच्या बाबांनं?’

मग मी त्याला आंघोळीचं सांगितलं. तीन वर्षं अडवून ठेवलेलं वाक्य बाहेर आलं आणि त्याच्यामागून हसू आलं, इतकं की चहावाला पोरगा दारात थबकला. प्रशांतही हसत होता आणि डोळे पुसत होता. डॉक्टरांसमोर खाली गेलेली ती मान, ऑटोत बदललेले ते विषय, न जोडलेले ते हात... मी आपली समजत होते की ते सगळं माझ्यामुळं आहे, आणि मधुकरराव तिकडं समजत होते की मी एक भाबडी बाई, त्यांनी फसवलेली. मला त्या क्षणी ते समोर हवे होते. फार हवे होते.

मग मी प्रशांतला काट्याचं कपाट उघडायला लावलं. दोन्ही पारड्यांत ती दोन कापडं ठेवली, शिसं नसलेली. काटा थोडा डुलला आणि मधोमध येऊन उभा राहिला, अगदी सरळ. मी त्याला हात जोडले. कुणीतरी जोडायला हवे होते.

कापडं तिथंच ठेवून आले, ती काट्याची आहेत. शिशाचा तुकडा मात्र मागून घेतला. गुंजेच्या आंघोळीच्या पितळी ताटलीत तो आता असतो, तिनं कुरतडलेल्या समुद्रफेसाशेजारी. प्रशांतच्या काट्यावर तो आठ ग्रॅम भरला होता. डॉक्टरांचा हिशेब बाराचा होता. आठ मधुकररावांचे, चार माझे.