परसातला रणगाडा

"गावाचं नाव आवडी आणि मला न आवडणारं सगळं नेमकं इथंच," असं आई म्हणायची. त्यात पहिला नंबर परसातल्या बदामाच्या झाडाचा. पानं बशीएवढी, बदाम खायच्या लायकीचे नाहीत, आणि मुळं थेट गटाराच्या पाइपात. मोरीतलं पाणी उलटं फिरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत यायचं. शेवटी एक दिवस तिनं हातातला खराटा भिंतीशी टेकवला आणि बाबांना सांगितलं, "या घरात हे झाड राहील नाहीतर मी. माझ्या दादानं मिरजेला खोली रंगवून ठेवलीय."

ती नुसती धमकी नव्हती. बाबा रिटायर झाले की मिरजेला परत जायचं असं ठरलेलं होतं. बाबांनीच ऐन वेळी शब्द फिरवला आणि चेन्नईच्या या टोकाला, आपल्या रणगाड्यांच्या कारखान्याजवळ, घर बांधलं. आईला निघायला फक्त निमित्त हवं होतं, ते झाडानं दिलं. बाबा घाबरले. घाबरले की ते वेल्डिंग करायला घेत.

कुणीही शहाणा माणूस लाकूडतोड्याला बोलावतो. बाबांनीही बोलावला, पण फक्त फांद्या उतरवायला. "खोड कुणीही तोडेल, मुळांचं काय?" असं म्हणून त्यांनी एका शेतकऱ्याकडून भंगारात निघालेला छोटा ट्रॅक्टर आणला. त्याला मागे ट्रकच्या कमानपाट्यांचा पंजा जोडला, पुढे वजन म्हणून रुळाचा तुकडा, आणि साखळीसाठी एक आकडा, ज्याला हत्तीही टांगता आला असता. "आयुष्यभर रणगाडे केले, आता परसात एक हवाच," आई म्हणाली. दोन हजार पाचचा सुमार असेल. मी चेन्नईच्या पार दुसऱ्या टोकाला, शोळिंगनल्लूरला, एका सॉफ्टवेअर ऑफिसात होते. शनिवारी दमून घरी यावं तर कपडे वाळत घालायच्या दोरीखाली सगळीकडे नटबोल्ट. माझं डोकंच फिरायचं, पण बोलायची सोय नव्हती.

एका रविवारी मोहीम निघाली. पंज्यानं माती उकरून झाली, साखळी खोडाला बांधली. बाबांना खोडाजवळ उभं राहून मुळांवर नजर ठेवायची होती, म्हणून ट्रॅक्टरवर बसले शेजारचे काका. बाबांचेच कारखान्यातले जुने सहकारी, अस्सल तमिळ. मी आणि आई मागच्या पायरीवर. खुणेचा शब्द ठरला होता, "इळु". म्हणजे तमिळमध्ये ओढ. बाबांचं तमिळ उत्तम होतं, पण हिशेब, शिव्या आणि आणीबाणी ही तीन खाती कायम मराठीकडे. साखळी ताणली, खोड करकरलं, आणि बाबा जीव खाऊन ओरडले, "ओढा! ओढा!"

आता तमिळमध्ये 'ओडु' म्हणजे पळ. त्याला घाईत 'डा' जोडला की 'ओड्डा', म्हणजे 'पळ लेका'. कारखान्यात जन्म काढलेला माणूस असा शब्द कानावर पडल्यावर 'का' म्हणून विचारत बसत नाही. काकांनी चालत्या ट्रॅक्टरवरून उडी टाकली आणि लुंगी सावरत फाटकाबाहेर पसार झाले. लाजेची गोष्ट पुढेच आहे. मीही पळाले. मराठी आईबापाची पोर, पण कान चेन्नईत वाढलेले. मागून बाबा "अरे ओढा, ओढा" म्हणतायत आणि आम्ही दोघं आणखी जोरात.

इकडे ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये, चाकं वळलेली. तो घाण्याच्या बैलासारखा खोडाभोवती फिरायला लागला, कुणी न हाकता, अगदी शिस्तीत. साखळी खोडाला गुंडाळत गेली आणि शेवटी झाडाला बगल घासून तो बंद पडला.

आम्ही परत आलो तेव्हा आई पायरीवरून हललेली नव्हती. बाबा मातीत फतकल मारून बसले होते.

"जा तू मिरजेला," ते म्हणाले. मग हातांची माती झटकत, "पण तू गेलीस तर मी बोलू कुणाशी? इथं 'ओढा' म्हटलं की माणसं पळतात. माझी पोरगीसुद्धा पळाली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईनं आम्हाला साखळी सोडवून परत नीट बांधायला लावली, पदर खोचला आणि सरळ ट्रॅक्टरवर चढून बसली. काका "नको अम्मा, नको अम्मा" असं तमिळमध्ये विनवत राहिले. "कुठला पाय सोडायचा?" एवढंच तिनं बाबांना विचारलं. बाबांनी दाखवलं. मग ते खोडापाशी जाऊन उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "ओढ."

तिनं ओढलं. खोड आलं, मुळं आली, मुळांबरोबर गटाराचा अख्खा पाइप आला. एक मूळ शेजारी गेलेलं होतं, त्यानं आमची आणि काकांची मधली भिंत आडवी केली. धूळ बसली तेव्हा काकू हातात डोश्याचं उलथनं घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरातून थेट आमच्याकडे बघत होत्या.

संध्याकाळी मिरजेहून मामाचा फोन, कधी निघतेस म्हणून. आई म्हणाली, "कसली निघतेय. झाड पडलं, भिंत पडली, गटार फुटलं. एवढा पसारा या माणसाच्या गळ्यात टाकून येऊ कशी? भिंत उभी राहिली की येते."

बाबा आतल्या खोलीत ऐकत होते. एरवी गळका नळ दुसऱ्या दिवसापर्यंत न ठेवणारा माणूस. गटार त्यांनी आठवडाभरात नीट केलं. भिंत मात्र आई होती तोवर बांधली नाही.